सतराव्या शतकातील कवी आणि ज्ञानाची मक्तेदारी

(लातूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

चळवळीत काम करणाऱ्यांनी तीनशे वर्षांपूर्वीच्या कवितेकडे कशासाठी वळावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझे उत्तर सरळ आहे. ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा आपला प्रश्न त्या कवींपुढेही उभा होता.

काळ कठीण होता. १६८१ साली औरंगजेब दक्षिणेत आला आणि १७०७ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत महाराष्ट्र युद्धात होरपळत राहिला. याच काळात वामन पंडित लिहीत होते. नांदेडच्या शेष घराण्याशी परंपरा त्यांचे नाते जोडते. संस्कृतात पारंगत अशा या विद्वानाने गीतेवरील ‘यथार्थदीपिका’ ही टीका मराठी ओवीत लिहिली. हे कार्य थोर होय. परंतु शास्त्राची भाषा बदलली, तरी अर्थ सांगण्याचा अधिकार पंडिताकडेच राहिला.

वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यापुढे गेल्या. ब्राह्मण घरातील या स्त्रीने कुणबी तुकारामांना गुरू मानले आणि त्यापायी पतीचा मार सोसला. ही हकीकत त्यांनी स्वतःच्या अभंगांत नोंदविली आहे. ब्राह्मण्य जन्माने येते काय, असा रोखठोक सवाल करणारी संस्कृत ‘वज्रसूची’ त्यांनी मराठीत आणली. वेदांचा अधिकार जिला नाकारला होता, तीच त्या अधिकाराची झडती घेत होती.

आता नांदेडकडे पाहा. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी तेथे देह ठेवला. ते स्वतः कवी होते. त्यांच्या आनंदपूरच्या दरबारात संस्कृत ग्रंथ लोकभाषेत उतरविले जात. शपथ मोडल्याबद्दल औरंगजेबाला जाब विचारणारा ‘जफरनामा’ त्यांनी फारसी पद्यात लिहिला. नांदेडला त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा संपविली आणि ग्रंथाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात शिंपी नामदेव, विणकर कबीर आणि चर्मकार रविदास यांची पदे आहेत. परंपरेने नरसीचे मानले जाणारे नामदेव पंजाबात गेले. त्यांची वाणी अशा रीतीने पुन्हा गोदाकाठी सन्मानाने आली.

मित्रहो, संस्कृतचे कुलूप आज निघाले आहे. शुल्काचे लागले आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी गावोगावची मुले या लातुरात येतात. ज्यांच्या आईबापांना ते शुल्क पेलत नाही, त्यांनी कोठे जावे? गावातील ग्रंथालय जगविणे, मोफत अभ्यासिका चालविणे ही कामे आपण दुय्यम मानत आलो. ती तशी नाहीत.

मात्र तेथे आपणच पंडित होऊन बसू नये. ऊसतोडणी कामगाराची मुलगी उभी राहून आपली हकीकत सांगेल आणि आपल्यालाही प्रश्न विचारील, तेव्हाच बहिणाबाईंचा वारसा आपण पुढे नेला असे म्हणता येईल.