सातबाऱ्यावर नाव नाही, तर आराखडा कशाचा?



आज दिवसभर या मांडवात महिला संस्थांच्या फेररचनेवर बोलणं झालं. पुढच्या पाच वर्षांचे आराखडे वाचले गेले. 'सक्षमीकरण', 'क्षमताबांधणी', 'पोहोच' हे शब्द पानोपानी आले. 'सातबारा' हा शब्द एकदाही आला नाही. ज्या अमरावती-अकोल्याच्या वावरांत निंदण आणि कापसाची वेचणी जवळजवळ सगळी बायकांच्याच हातची, तिथल्या संस्थांनी पाच वर्षांचा विचार करावा आणि त्यात जमीन नसावी, हे मला मान्य नाही. अध्यक्ष म्हणून गोड बोलून बसण्यापेक्षा ते इथेच सांगते. फेररचना जरूर करा, पण ती दोन प्रश्नांवर तपासा. किती बायकांचं नाव जमिनीच्या कागदावर चढलं? आणि काय मोजायचं हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर गावातल्या बायका किती बसल्या?

नियोजन कसं करावं हे वऱ्हाडच्या बायकांना बाहेरून शिकायची गरज नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेला हजर होते. तिथे ठराव झाले ते असे: घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, कामगार बायकांना हक्काची रजा आणि पेन्शन मिळावी, गिरण्यांत बायकांवर देखरेखीला बाईच असावी. यातला कुठलाही ठराव घ्या. दहा वर्षांनी कुणीही उठून 'झालं का?' असं विचारावं आणि उत्तर हो किंवा नाही यावं, असाच तो आहे. पहिल्या दोन मागण्या हिंदूंपुरत्या तरी १९५५च्या विवाह कायद्याने पदरात पडल्या. पुढे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ला चांदवडला आणि १९८९ला इथेच अमरावतीत अधिवेशन घेतलं. त्याच काळात संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. गावातल्या शंभर कुटुंबांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करायचा, मग ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १२७ कुटुंबांनी तो केला. १९९२मध्ये सरकारलाही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याचं परिपत्रक काढावं लागलं. शंभर हा आकडा गावातल्या प्रत्येकाला मोजता येत होता, त्यातच त्या कार्यक्रमाचा जोर होता.

मग आपण कुठे वळलो? बचतगटांकडे. १९७५ला स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे 'माविम'ने, आणि नंतर 'उमेद' अभियानाने गावोगाव बायका एकत्र आणल्या, त्या कामाचं मोल मी कमी करत नाही. पण गट हे साधन होतं, आपण त्यालाच मुक्काम मानलं. त्यात २०२०मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेने आपला परदेशी निधी दुसरीला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या शहरांतल्या संस्थांमार्फत ज्या तालुक्याच्या संघटनांना पैसा पोचत होता, त्यांचा झरा आटला. त्या कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे वळल्या. तो निधी बहुधा वर्षावर्षाचा असतो, मार्चअखेर त्याला आकडा लागतो. फेरफाराचं भांडण मार्चअखेर मिटत नाही, शिलाई मशीनचं वाटप मात्र उरकतं. आपल्या आराखड्यांतून जमीन गेली ती अशी.

ती गेल्याने काय होतं ते कागदावरच पाहा. नवरा वारला की तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो, मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि त्या पंधरा दिवसांत दीर उभा राहतो. पुष्कळदा तेवढीही वेळ येत नाही, कारण वाटणी घरात झालेली असते, कागदावर जमीन अजून सासऱ्याच्या नावे असते. नवऱ्याचंच नाव नाही, तिथे तिचं कुठून येणार? आणि नाव नाही तर पीककर्ज नाही, अतिवृष्टीच्या मदतीतही ती शेतकरी नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली. नवऱ्याबरोबर कसलेल्या जमिनीचा हक्क त्यांतल्या ४० टक्के बायकांना मिळालेला नव्हता. राहतं घर नावावर झालेल्या होत्या अवघ्या ३५ टक्के.

यावर मला सांगितलं जातं, बायका स्वतःच कर्ज मागतात, जमीन मागत नाहीत. खरं आहे. ज्या खिडकीतून कर्जच मिळतं, तिथे माणूस कर्जच मागतो. दुसरं म्हणतात, खारपाणपट्ट्यातली तीन एकर कोरडवाहू, वर कर्जाचा बोजा, ती नावावर घेऊन बाई करणार काय? हा प्रश्न तिच्या दिराला कुणी विचारला आहे का? बोजा तर ती आजही वाहतेच, रोजमजुरी करून फेडतेच. फक्त मालक दुसरा असतो. तिसरा आक्षेप संस्थांच्या आतून येतो आणि तो मला सगळ्यांत जास्त झोंबतो: गावातल्या बाईला ताळेबंद कळत नाही, कारभार जाणकारांकडे हवा. 'माविम'च्या लोकसंचालित साधन केंद्रांचा कारभार गटांतून आलेल्या बायकांची कार्यकारिणी पाहते, व्यवस्थापक आणि हिशेबनीस तिच्या हाताखाली पगारावर असतात. ताळेबंद लिहायला माणूस नेमता येतो. काय मोजायचं हे ठरवायला नेमलेला माणूस मात्र, ज्याने पगार दिला त्याच्याच सोयीचं मोजतो. निधी देणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांना आकडा हवा आहे. तर चढलेल्या फेरफारांचा आकडा द्या, आणि तो जमायला तीन वर्षं लागतील हे आधीच लिहून द्या. काही निधी जाईल. जाऊ द्या.

म्हणून आजच्या मसुद्यात मी दुरुस्ती मांडते. कार्यकारिणीच्या निम्म्या जागा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या बायकांच्या असाव्यात आणि त्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई संस्थेने द्यावी. वेचणीच्या हंगामात सभा संध्याकाळीच भराव्यात. प्रत्येक गावात एक नोंदवही असावी: बाईचं नाव, जमिनीचा गट नंबर, अर्जाची तारीख, हरकत कुणाची, फेरफार मंजूर झाला की नाही. ती वही दर तिमाहीला गावच्या महिला सभेत मोठ्याने वाचली जावी. सचिवांनी दुरुस्ती वाचून दाखवावी. अनुमोदन या व्यासपीठावरून नको, समोरून यावं. मतदान हात वर करून होईल.