बेस कुठे थांबतो, तिकडे लक्ष द्या

हार्ड रॉक म्हणजे नुसता दणदणाट, असं पुष्कळांना वाटतं. आज मी तुम्हाला त्यातली शांतता ऐकायला सांगणार आहे.

१९६८ साली लंडनमध्ये चार पोरं एकत्र आली. पॉल रॉजर्स गायक, पॉल कॉसॉफ गिटारवर, सायमन कर्क ड्रम्सवर आणि बेस गिटारवर अँडी फ्रेझर. फ्रेझर अवघा १५ वर्षांचा, बाकीच्यांनीही विशी गाठलेली नव्हती. ब्लूजमधले बुजुर्ग अलेक्सिस कॉर्नर यांनी त्यांना नाव दिलं, ‘फ्री’.

त्यांचं १९७० सालचं ‘ऑल राइट नाऊ’ लावा. सुरुवातीला गिटारचे तुटक ठोके, मागे ड्रम्स, मग रॉजर्सचा आवाज. कडवं चालू असताना बेस वाजतच नाही! ध्रुवपद आलं की तो खालून उचलून घेतो आणि गाणं एकदम भरून येतं. हात शिवशिवत असताना गप्प बसायचं, ही समज त्या वयात कुठून आली असेल? मला याचं आजही नवल वाटतं.

मधे कॉसॉफची गिटार येते. त्याच्याकडे सुरांची गर्दी नाही. एक सूर धरायचा आणि तार दाबलेलं बोट हलवून तो थरथरवायचा. दरबारी रागातल्या गंधाराचं आंदोलन तुमच्या कानात असेलच. ते संथ असतं, हा कंप जलद, कासावीस. पण एका सुरावर जीव टाकणं दोन्हीकडे आहेच.

हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत चौथ्या. पुढचा अल्बम ‘हायवे’ मात्र चालला नाही आणि १९७१ मध्ये बँड फुटला. १९७२ मध्ये चौघे पुन्हा जमले, पण कॉसॉफ व्यसनात रुतत चालला होता. फ्रेझरही निघून गेला. १९७३ मध्ये सगळं आटोपलं. रॉजर्स आणि कर्क यांनी ‘बॅड कंपनी’ काढली, नाव कमावलं. कॉसॉफ १९ मार्च १९७६ रोजी विमानप्रवासात गेला. वय २५.

‘फायर अँड वॉटर’ या अल्बममधलं हे गाणं मिळवा; त्यात गिटारचा तुकडा पूर्ण आहे. एकदा आवाजासाठी ऐका. दुसऱ्यांदा फक्त बेसची वाट पाहा.