उशिरा येणाऱ्यांची वही

(स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ग्रुपवर मी अधूनमधून सायकलचे फोटो टाकते. ते बघून संयोजकांनी मला फर्मान काढलं की तू सायकलीवरच बोल. मी कॉम्प्युटरची इंजिनीअर, बोलायची सवय फक्त मीटिंगमध्ये. त्यामुळे लांबलं तर सरांनी घंटा वाजवावी.

शाळेत असताना मला सायकल नीट येत नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. गरजही नव्हती. आमचं घर बाजारपेठेत, शाळेपासून तीन मिनिटांवर. मी खरी सायकल शिकले 2020 च्या टाळेबंदीत, पुण्यात, वयाच्या चाळिशीनंतर. आधी सोसायटीभोवती फेऱ्या, मग सिंहगडाचा पायथा. 2023 च्या डिसेंबरात ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर ठरवलं की आपल्याच किनाऱ्याने जाऊ. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत, दोन मुक्काम करून.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवल्या आणि मांडव्याला उतरलो. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा हा भाग सपाट. दोन्ही बाजूंना वाड्या, सावली, नारळाच्या झापांचा वास. मी मैत्रिणीला म्हटलं, "आमचा समुद्रकाठचा रस्ता म्हणजे टेबलासारखा सपाट." साळावच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली, कोर्लई मागे टाकलं, आणि काशीदच्या अलीकडे माझं तोंड बंद झालं. चढ, उतार, परत चढ. नांदगाव गेलं की पुन्हा तेच. नवाबाच्या राजवाड्याजवळून मुरूड खाली दिसलं तेव्हा पायात गोळे आले होते.

त्याचं कारण आपल्याला भूगोलाच्या तासाला शिकवलं होतं, फक्त पायांना कळलं नव्हतं. आपल्याकडे डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात आणि दोन सोंडांच्या मध्ये खाडी नाहीतर पुळण. किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याला प्रत्येक सोंड चढावी लागते आणि चढलेली सगळी उंची पुढच्या गावात परत द्यावी लागते. घाटात एकदा चढलं की संपतं. इथे दिवसभर हप्त्याहप्त्याने चढायचं. रस्ता कुठेही फार उंच जात नाही, पण श्रीवर्धनला पोहोचेपर्यंत सगळ्या चढांची बेरीज हजार मीटरच्या वर गेली. रायगड किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर आहे, म्हणजे बघा.

या वाटेचं वर्णन करत बसले तर दुपारचं जेवण थंड होईल, तरी थोडं सांगते. मुरूडच्या मागचं फणसाडचं जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. 1986 मध्ये त्याचं अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. आपण इतकी वर्षं त्याच्या शेजारी राहिलो आणि सुपेगावच्या बाजूने आत गेल्यावर शेकरू दिसतं हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. आगरदांड्याहून जेटीने दिघीला उतरलं की पुढे दिवेआगर, भरडखोल, शेखाडी. शेखाडीच्या आसपास रस्ता समुद्राला इतका लागून जातो की लाटेचे तुषार चष्म्यावर येतात. दिवेआगर-श्रीवर्धनकडे 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाच्या खुणा साडेतीन वर्षांनंतरही दिसत होत्या. पूर्वी जिथे खाली ऊन पोहोचत नसे, त्या वाड्यांत लख्ख उजेड होता आणि त्या उजेडात सुपारीची गुडघ्याएवढी रोपं. त्यांना फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. लोकांनी तरी लावली होती.

पण मला आज सांगायचंय ते या वाटेवरच्या एका लहान फाट्याबद्दल. तो आपल्या शाळेच्या मागून खिंडीत जातो. खिंडीपलीकडच्या वाडीचं नाव सांगायची गरज नाही. तिथून आपल्या वर्गात कोण कोण यायचं तेही तुम्हाला आठवत असेल.

आठवी-नववीत मी मॉनिटर होते. उशिरा येणाऱ्यांची एक वही होती, ती माझ्याकडे असायची. प्रार्थना सुरू झाल्यावर जो फाटकात दिसेल त्याचं नाव लिहायचं. आठवड्यात तीन वेळा नाव आलं की पहिला तास वर्गाबाहेर. सर, बाई, ही तक्रार नाही. शिस्त सगळ्यांना सारखी होती. वही मात्र माझ्या हातात होती, आणि ती लिहिताना मला भारी वाटायचं. त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा जिचं नाव आलं, ती वाडीवरून यायची. आधी चालत, मग वडिलांच्या काळ्या चोवीस इंची सायकलवर, नळीखालून पाय घालून. नववीच्या सहामाहीनंतर ती आली नाही. काही दिवस हजेरीपटावर तिच्यापुढे 'गै' लागत राहिलं. मग नाव कमी झालं. मी कधी विचारलंही नाही.

तर त्या डिसेंबरात सहज म्हणून आम्ही खिंडीतून पलीकडे वाडीपर्यंत उतरलो. परत येताना चढ लागला. दीड किलोमीटरमध्ये 120 मीटर, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर. माझ्या सायकलला चोवीस गिअर. सगळ्यात हलका लावला. अर्ध्यावर छाती भरून आली आणि मी खाली उतरले. सायकल हातात धरून ढकलत निघाले आणि तेव्हा मला ती वही आठवली.

इंजिनीअरची खोड, म्हणून रात्री मुक्कामावर कागद घेऊन हिशेब केला. माझ्या सायकलच्या सर्वात हलक्या गिअरला पुढे 26 दाते, मागे 34. पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर पुढे जाते. त्या काळ्या सायकलींना पुढे साधारण 44 दाते, मागे 18, गिअर एकच. एका फेऱ्यात पाच मीटरांहून जास्त. सपाटीवर हे छानच, पण चढावर याचा अर्थ असा की प्रत्येक फेऱ्याला मला लागला त्याच्या तिपटीहून अधिक जोर लावायचा. तोही तेरा वर्षांच्या मुलीने, सीटवर न बसता, पाठीला दप्तर लावून. अर्थात ते जमायचं नाही. ती ढकलतच आणत असणार, पावसाळ्यात चिखलातून. रोज एका बाजूने चढून शाळेत, दुसऱ्या बाजूने चढून घरी. मी तीन मिनिटं चालून फाटकाशी उभी राहायचे आणि घड्याळ बघायचे.

खिंडीत आता चहाची टपरी आहे. टपरीवरची बाई तिची वहिनी निघाली. शाळेचं नाव काढल्यावर तिनेच ओळख लावली आणि लगेच फोन जोडून दिला. ती आता रोह्याकडे असते. मी नाव सांगितलं तर पहिलं वाक्य काय असावं?

"तू सायकलवर आलीस? चढाला उतरलीस ना?"

"उतरले."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि खूप हसली.

त्या हसण्यामुळे मला बोलायचं ते बोलता आलं नाही. मुलं काय करतात, तुझी आई कशी आहे, एवढंच झालं. नंतर मात्र आम्ही फोनवर बोलत राहिलो. सायकल का बंद झाली तेही तिने एकदा सांगितलं. मागचं टायर फाटलं होतं. नवीन घ्यायचं पुढच्या महिन्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. तोवर धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणीतरी हवंच होतं. एका टायरची गोष्ट. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "अगं, तू लिहायचीस ते खरंच होतं. मी उशिराच यायची."

या संमेलनाचं ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, "यादीत नाव आहे का माझं?"

मी यादी पाहिली. नव्हतं. आपण यादी केली ती 1995 च्या दहावीच्या परीक्षेवरून. त्यात 41 नावं आहेत. मग मी मुख्याध्यापकांना विनंती केली. त्यांनी कपाटातून आठवीचा हजेरीपट काढून दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. आठवीत आपण 58 होतो. म्हणजे 17 जण आपल्यातलेच, पण आज इथे नाहीत, कारण आपण त्यांना बोलावलंच नाही. त्यांतले काही याच गावात आहेत. काल रात्रीच्या जेवणाचे मासे ज्याच्याकडून आले, तो त्यांतला एक.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या वेळची यादी आठवीच्या हजेरीपटावरून करावी. मी ती टाइप करून आणली आहे; ज्यांना कोणाचा पत्ता-फोन माहीत असेल त्यांनी जेवणाआधी त्यापुढे लिहावा. दुसरी, खिंडीपलीकडून आजही मुलं सायकलने येतात. मी शाळेसाठी पायाने मारायचा एक पंप, पंक्चरचं सामान, काही ट्यूब आणि चार टायर आणले आहेत. समुद्राच्या हवेने चेन फार लवकर गंजते, म्हणून तेलाच्या बाटल्याही आहेत. हे शिपाईमामांच्या खोलीत राहील. ज्या मुलाला लागेल त्याने न विचारता घ्यावं. संपलं की मला कळवावं, आणि मी विसरले तर तुमच्यापैकी कोणीतरी भरावं.

आणि तुमच्यातल्या कोणाला ही वाट सायकलने करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, पहाटे निघा, सोबत दोन ट्यूब ठेवा. चढाला उतरायची लाज वाटू देऊ नका. आपल्या शाळेत तसं येणारे खूप होते.