पोयाच्या माशीचे वय आणि तिचा आहार



इंदापूर-बारामतीकडच्या एखाद्या जुन्या वाड्याची दगडमातीची भिंत किंवा म्हाताऱ्या चिंचेचे खोड जरा जवळून पहा. नशीब असेल तर दगडांच्या सांध्यातून किंवा ढोलीतून बाहेर आलेली काळपट, चिकट मेणाची एक लहानशी नळी दिसेल. तिच्या तोंडाशी चिलटांएवढ्या काळ्या माश्यांची सारखी ये-जा चाललेली असते. हीच पोयाची माशी. अंगाने जेमतेम तीन-चार मिलिमीटर. नांगी इतकी खुरटलेली की दंश करणे तिला जमतच नाही. आग्या, सातेरी आणि फुलोरी या तिच्या थोरल्या चुलत बहिणी. तिच्या स्वतःच्या गोतावळ्यात मात्र जगभर पाचशेहून अधिक जाती आहेत.

तिच्या औषधी मधाची गोष्ट तुम्ही घरोघरी ऐकली असेल. आज मी तिच्या मधाविषयी बोलणार नाही, तिच्या पोटाविषयी बोलणार आहे. ती कोणत्या वयात काय खाते, त्याने तिच्या शरीरात काय घडते, आणि त्याचा तुमच्या डाळिंबाशी काय संबंध, एवढेच आज पाहू.

माशीच्या घरी दोनच पदार्थ शिजतात म्हणा ना! एक मध आणि दुसरा फुलातला पराग. मध म्हणजे साखर. त्यातून उडायला, राबायला बळ मिळते. परागात प्रथिने, स्निग्धांश आणि क्षार असतात. त्यातून अंग घडते. आपल्या ताटातली भाकरी म्हणजे मध आणि डाळ म्हणजे पराग, असे समजा. पोयाची माशी हे दोन्ही पदार्थ मेण आणि झाडांचा डिंक मिसळून केलेल्या इवल्या गाडग्यांत वेगवेगळे साठवते. मधाची गाडगी निराळी, परागाची निराळी.

आता तिचा जन्म कसा होतो पहा. सातेरीची दाई-माशी अळीला पुन्हा पुन्हा येऊन भरवते. पोयाच्या माशीची रीत वेगळी आहे. कामकरी माश्या एक लहानशी कोठडी बांधतात. मध, पराग आणि स्वतःच्या डोक्यातील ग्रंथींचा रस यांचे मिश्रण तिच्यात ओततात. राणी येऊन त्यावर एक अंडे घालते आणि कोठडीचे तोंड लगेच बंद होते. आतल्या अळीला आयुष्यभराची शिदोरी तेवढीच! कोठडी मोठी, शिदोरी भरपूर, तर त्यातून राणी निपजू शकते. शिदोरी बेताची, तर कामकरी. ती त्याहून कमी पडली, तर कामकरीही लहानखुरी निघते. एकदा पंख फुटले की माशीचे अंग पुढे वाढत नाही. लहानपणीची उपासमार तिला जन्मभर पुरते.

कोठडीतून बाहेर आलेली तरुण माशी फिकट रंगाची असते. दिवस जातील तशी ती काळी होत जाते. सुरुवातीचे दिवस ती घरातच काढते. या वयात ती पराग खाते, आणि त्या जोरावर डोक्यातील रसाच्या ग्रंथी भरून येतात. पाठीकडच्या बाजूने मेण सुटू लागते. पोटातल्या मेदात प्रथिनांचा साठा होतो. कोठड्या बांधणे आणि भरणे ही कामे याच वयातली. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, खसखशीची खीर देतात ना, तसाच हा काळ. दुसऱ्याला पाजायचे, तर आधी स्वतःच्या अंगी लागायला हवे.

पुढे माशीचे वय होते. ती आलेला मध उतरवून घेते, कचरा बाहेर टाकते, दारावर पहारा करते आणि शेवटी रानात जाऊ लागते. आता तिचा आहार बदलतो. पराग सुटतो, मधावर भागते. रसाच्या ग्रंथी आक्रसतात, मेदातला साठा उतरतो, अंग हलके होते. उडणाऱ्याला ओझे कमीच बरे! पंख झिजतात आणि रानातल्या कामातच तिचा शेवट होतो.

इथे एक नवलाची गोष्ट सांगतो. माशीचे म्हातारपण केवळ दिवसांनी ठरत नाही. पाश्चात्त्य मधमाशीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की घरातल्या तरुण माश्या काढून टाकल्या, तर रानातल्या काही प्रौढ माश्या पुन्हा दाईचे काम घेतात आणि त्यांच्या सुकलेल्या ग्रंथी पुन्हा भरतात. याच्या उलटही घडते. घरात अन्न संपले, तर कोवळ्या माश्या वेळेआधीच रानात जाऊ लागतात. ज्यांनी घरात राहून पिलांना पाजायचे, त्याच बाहेर राबून लवकर संपतात. मग पुढची पिढी कमी आणि दुबळी निघते.

दुष्काळात घरातला दाणा संपला की पोराच्या हातची पाटी सुटून कोयता येतो. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या तळावर गुरुजींनी अशी पोरे पाहिली असतील. माशीच्या वसाहतीतही भूक आधी बालपणच खाऊन टाकते.

मग तुम्ही म्हणाल, माशीला साखरेचे पाणी पाजू! पाजा, अडचणीच्या दिवसांत उडण्याचे बळ राहील. पण साखरेत डाळ नाही. नुसत्या साखरेवर ग्रंथी भरत नाहीत आणि कोठड्याही भरत नाहीत. ब्राझील देशात या माश्या पाळण्याची परंपरा मोठी आहे. तिथल्या संशोधकांनी सोयाबीनमध्ये घरट्यातला आंबलेला पराग मिसळून पूरक खाद्य केले. इतका खटाटोप करावा लागतो तो प्रथिनांसाठीच. आपल्याला त्याहून सोपा उपाय आहे, तो म्हणजे फूल.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. हा पर्जन्यछायेचा मुलूख. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, पुढे १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, आणि माळरानावर ऊस उभा राहिला. संसार सुधारले, यात शंका नाही. पण उसाचा तुरा या माशीच्या फारसा उपयोगाचा नाही. शिवाय ही चिमुकली लांब उडत नाही, काही शे मीटरच. पल्ला चारशे मीटर धरला, तर घरट्याभोवतीचे सव्वाशे एकर हेच तिचे जग. त्या सव्वाशे एकरांत बांधावरचे बाभूळ-लिंब तुटले आणि नुसता ऊस राहिला, तर भर हिरवळीत तिचा दुष्काळ असतो.

इकडे डाळिंबाच्या बागा वाढल्या आहेत. आंबे बहार असो, मृग असो की हस्त, एका फुलाचा पराग दुसऱ्यावर पोचला, तर फूल टिकून फळ धरायला मदत होते. ते काम माश्या करतात. म्हणजे आपण त्यांना वर्षभर जेवू घालायचे आणि त्यांनी बहारात आपले काम करायचे, असा हा सरळ व्यवहार आहे.

यासाठी फार खर्च नाही. निमगाव केतकीकडचे पानमळे आठवा. पानवेलीला आधार म्हणून शेवगा, हादगा, शेवरी, पांगारा लावण्याची जुनी चाल आहे. तीच झाडे बांधावर लावा. जोडीला लिंब, करंज, चिंच राहू द्या. परसात तुळस आणि सब्जा लावा. कोथिंबिरीचा, कांद्याचा एखादा वाफा बियांसाठी सोडा. ज्वारी-मक्याच्या तुऱ्यातूनही पराग मिळतो. एक फूल सरताना दुसरे उमलावे, एवढाच हिशेब.

दुसरी गोष्ट फवारणीची. परागाबरोबर घरात गेलेले विष आधी दाई-माशीच्या पोटात आणि मग कोठडीत जाते. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. अगदीच गरज पडली, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारा. तिसरी गोष्ट, भिंत पाडताना घरटे दिसले तर ते पिळून मध काढू नका. परागाची गाडगी आणि कोठड्या फुटल्या, की वसाहत संपली. घरटे अलगद लाकडी पेटीत हलवता येते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे पालनाचे शिक्षण मिळते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेजवळ असे घरटे असेल, तर मुलांना महिन्यातून एकदा सकाळी दहा मिनिटे त्याच्यासमोर बसवा. मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन किती माश्या आत गेल्या, तेवढे मोजून वहीत लिहायला सांगा. शेजारी गावात कोणती फुले फुलली आहेत, तेही लिहू द्या. वर्षाअखेर ती वही उघडली, की आपल्या शिवारात कोणत्या महिन्यात फूल कमी पडते, ते मुलेच तुम्हाला सांगतील. पुढच्या पावसाळ्यात कोणते रोप लावायचे, हे त्या वहीवरूनच ठरवा.