निळ्याआधी पांढरा

आजच्या कलेत निळ्या रंगाचा अर्थ काय, असं विचारलं की आभाळ, समुद्र, कृष्ण ही उत्तरं तयारच असतात. ती बाजूला ठेवू आणि जयपूरच्या ब्ल्यू पॉटरीची एक थाळी नीट बघू.

या थाळीत कुंभाराची नेहमीची माती नसते. गारगोटीचं पीठ, काचेचा चुरा, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांचा हा लगदा. तो चाकावर उठत नाही, साच्यात दाबून बसवावा लागतो. म्हणून घडण साधी आणि सारी भिस्त चित्रावर. आधी पांढराशुभ्र थर देतात, मग कोबाल्ट ऑक्साईडने रेघा ओढतात. त्या वेळी रेघ काळपट दिसते. निळी होते ती भट्टीत, काचेच्या लेपाखाली. तांब्यापासून येतो फिरोजी. म्हणजे न दिसणारा रंग मनात धरूनच कारागीर हात चालवतो.

महाराजा सवाई रामसिंहांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, ही कला जयपुरात रुजली; विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ संपली होती. हस्तकलांच्या पुरस्कर्त्या कमलादेवी चट्टोपाध्याय आणि जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांच्या पाठबळाने तिला उभारी दिली कृपालसिंह शेखावतांनी. ते शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार; १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता पाहायचं कसं? आधी पांढरा बघा. दोन वेलींमध्ये, पाखराच्या पंखाभोवती किती जागा मोकळी सोडली आहे, त्यावर निळ्याचा जोर ठरतो. फ्रान्सचा चित्रकार ईव्ह क्लाईन याने हा आधारच काढून घेतला. त्याने अख्खा कॅनव्हास बिनचकाकीच्या गडद निळ्याने भरला. नजरेला टेकायला जागा नाही. आपल्याकडे भीमजयंतीच्या झेंड्यावर निळ्याच्या मध्यभागी पांढरं अशोकचक्र असतं. तिथे निळा म्हणजे हक्काने उभा राहिलेला समाज. रंग एकच, शेजार बदलला, माणसं बदलली की अर्थ बदलतो.

जयपूरला गेलात तर दुकानात एकसारख्या नक्षीच्या दोन थाळ्या शेजारी ठेवायला सांगा. हाताच्या रेघेत कुंचला टेकला तिथे निळा दाटतो, उचलला तिथे विरळ होतो. दोन्ही थाळ्यांत हा चढउतार तंतोतंत सारखा निघाला, तर ती हाताची रेघ नव्हे, छाप आहे असं समजा.