चित्रातला ध्वज आणि कायद्यातला ध्वज



कळव्यातील एखाद्या शाळकरी मुलाने वहीत तिरंगा रंगविला, तर ते ध्वजाचे चित्र की साक्षात ध्वज? प्रश्न बालिश वाटेल. परंतु आधुनिक कलेने तो गांभीर्याने विचारला आहे आणि भारतीय कायद्याने त्याचे उत्तरही देऊन टाकले आहे.

अमेरिकन चित्रकार जास्पर जॉन्स याने १९५४-५५ साली वर्तमानपत्राचे कपटे आणि रंगीत मेण यांतून आपल्या देशाचा ध्वज साकारला. देशनिष्ठेच्या शपथा मागितल्या जाण्याचा तो काळ. त्या चित्रात जयजयकार नव्हता आणि निंदाही नव्हती. अर्थ पाहणाऱ्यावर सोपविलेला होता. १९७० साली न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये कलावंतांनी ध्वजविषयक प्रदर्शन भरविले, तेव्हा फेथ रिंगगोल्ड आणि तिच्या दोन सहकाऱ्यांना अटक झाली. पुढे १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निषेधार्थ ध्वज जाळणे हीदेखील अभिव्यक्तीच मानली.

भारतात १९७१ चा राष्ट्रसन्मानविषयक कायदा ध्वजाच्या चित्रालाही ध्वजच मानतो. अवमानास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २००३ च्या दुरुस्तीनुसार ध्वजावर कोणतेही लेखन करणे हाही अवमानच. सनदशीर मार्गाने बदल घडविण्यासाठी केलेल्या टीकेला सूट आहे. कलावंताच्या प्रश्नाला मात्र स्वतंत्र संरक्षण नाही. याचा अर्थ काय होतो, ते मुंबईने पाहिले आहे. २०१२ साली असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाबरोबर याच कायद्याखाली अटक झाली. विषय ध्वजाचा नव्हता; राजमुद्रा आणि राज्यघटना यांवरील व्यंगचित्रांचा होता. राजद्रोहाचा आरोप सरकारला मागे घ्यावा लागला, पण तत्पूर्वी तुरुंग घडलाच.

आता इतिहासाकडे वळावे. १९०७ साली स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मुंबईच्या मादाम कामांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकविला. त्याच्या मधल्या पट्टीवर ‘वंदे मातरम्’ ही अक्षरे होती. तो कोणत्याही सरकारने संमत केलेला नव्हता. सत्तेला जाब विचारणाऱ्या माणसांनी तो घडविला होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेला तिरंगाही अशाच अनेक आराखड्यांतून आणि वादांतून आकाराला आला.

ध्वज पायदळी तुडविणारा आणि ध्वजाकडे पाहून प्रश्न विचारणारा, हे दोघे एक नव्हेत. हा भेद कायद्याच्या शब्दांत उतरला पाहिजे. तो पोलीस चौकीतील अंमलदाराच्या मर्जीवर सोडला, तर चित्रकाराची कुंचली थरथरेल. आणि भ्यालेल्या हाताने काढलेल्या तिरंग्यात सन्मान कोठून येणार?