कुंडीतील रोप, घरचे खत आणि श्रावकाची जयणा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत कर्म, तप, ध्यान अशा थोर विषयांच्या पंक्तीला कुंडीतील खताचा विषय बसावा, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु साधुभगवंतांच्या पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती टाकाऊ वस्तूचाच विचार करते. जे नको झाले ते कोठे टाकावे, कसे टाकावे, भूमी जीवरहित आहे की नाही हे पाहून मगच टाकावे, असा तिचा आशय आहे. गृहस्थाला ही समिती संपूर्णपणे पाळता येत नाही. तथापि तिचा धडा त्याच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे.

घरच्या घरी खत करावे, असे आज सर्वत्र सांगितले जाते. श्रावकाच्या मनात मात्र एक प्रामाणिक शंका उभी राहते. ओला कचरा कुजला की त्यात असंख्य जीव उत्पन्न होतात. मग असे खत जाणूनबुजून करणे म्हणजे हिंसेला निमंत्रण नव्हे काय? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मात्र तिची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवलेला कचरा नाहीसा होत नाही. त्या पिशवीसकट तो गायीच्या पोटात जातो किंवा कचराभूमीवर महिनोन्‌महिने सडतो. तेथे हवा न मिळाल्याने त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो. मुंबईच्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग अनेकांना स्मरत असेल. त्या धुरात आणि त्या ज्वाळांत किती जीव होरपळले, याचा हिशेब कोणत्या खातेवहीत मांडला गेला? घरातून कचरा गेला म्हणजे हिंसा संपली असे होत नाही. ती केवळ दुसऱ्याच्या नावे लिहिली जाते. म्हणून प्रश्न खत करावे की न करावे एवढाच नसून, कमीत कमी हिंसा कोणत्या रीतीने होईल, हा आहे. यालाच यतना किंवा जयणा म्हणतात.

टाकाऊपासून खत करण्याचे शास्त्रशुद्ध प्रयोग भारतभूमीवरच झाले, ही अभिमानाची गोष्ट होय. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची जी पद्धत सिद्ध केली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून प्रसिद्ध झाली. १९३१ साली प्रकाशित झालेल्या त्याविषयीच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासह यशवंत वाड यांचेही नाव आहे. पुढे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून घराच्या गच्चीवरही सुपीक माती तयार करता येते, हे असंख्य सामान्य माणसांना पटवून दिले.

या शास्त्राचे मर्म जमाखर्चासारखे सोपे आहे. वाळलेल्या पानांत कर्ब अधिक असतो, तर भाजीच्या ओल्या देठा-सालींत नत्र अधिक असते. कर्बाचे सुमारे २५ ते ३० भाग आणि नत्राचा १ भाग असे प्रमाण जमले, ओल पिळलेल्या कापडाइतकी राहिली आणि हवा खेळती असली, तर कचरा न सडता मुरतो. दुर्गंधी, अळ्या आणि माश्या ही खताची अपरिहार्य लक्षणे नव्हेत. पाणी अधिक आणि कोरडा पाला कमी झाल्याची ती खूण आहे. म्हणजे जेथे शास्त्र बिघडते, तेथेच जयणाही बिघडते.

यावरून श्रावकासाठी सर्वांत निर्दोष असा पहिला मार्ग निघतो, तो वाळवण्याचा. केळ्याच्या साली, दुधी-दोडक्याच्या साली, वाटाण्याची टरफले निघाल्याबरोबर बारीक चिरून परातीत पातळ पसरावीत आणि कडक उन्हात ठेवावीत. ओल उरली नाही की जीवोत्पत्तीला आधार राहत नाही. कडकडीत वाळल्यावर त्यांचा चुरा करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. हा चुरा बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा एक-दोन चमचे, मातीत मिसळून द्यावा. केळ्याच्या सालीतून रोपाला पालाश मिळते. चुरा अधिक घातला तर ओल्या मातीत त्यावर बुरशी धरते, म्हणून हात आखडता असावा. चहाचा चोथाही धुऊन, साखर काढून, वाळवूनच वापरावा. अन्यथा मुंग्या येतात आणि पुढचे पाप टळत नाही.

दुसरा मार्ग माठाचा. जुन्या माठाला बाजूने भोके पाडून तळाशी नारळाच्या शेंड्या घालाव्यात. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर त्याच्या दुप्पट वाळलेला पाला आणि मूठभर जुने खत पसरावे. माठाच्या तोंडाला आणि भोकांनाही बाहेरून विरळ सुती कापड बांधावे, म्हणजे हवा जाते, पण माशी आत अंडी घालू शकत नाही. शिजलेले अन्न त्यात टाकू नये. ते ताटात उरूच नये, हे अधिक चांगले. दोन-तीन महिन्यांत काळपट तपकिरी, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेले खत तयार होते. सालींची ओळख पटत असेल तर ते कच्चे समजावे. कच्च्या खताने मुळे दुखावतात. हा मार्ग वाळवण्याइतका निर्दोष नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. चातुर्मासात दमट हवेमुळे जीवोत्पत्ती वाढते, म्हणून नवीन माठ त्या काळात लावू नये. उन्हाळ्यात वाळवलेल्या चुऱ्यावर चार महिने निभावावेत.

काही गोष्टी मात्र सर्वथा वर्ज्य आहेत. बाजारातील खताच्या पिशवीत हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी किंवा मासळीचे अवशेष असू शकतात. म्हणून पिशवीवरील घटक वाचल्याशिवाय घेऊ नये. फांदीला मुळे फुटावीत म्हणून मध लावण्याचा सल्लाही श्रावकाच्या कामाचा नाही. गूळ-बेसन घालून दिवसचे दिवस आंबवलेली द्रावणे सूक्ष्म जीव वाढवण्यासाठीच असतात, हे ध्यानी घ्यावे. त्याऐवजी निंबोळी पेंड कोरडीच, मूठभर, मातीत मिसळावी. डाळ-तांदळाचे धुवण थंड असताना, त्याच वेळी, कुंडीला घालावे; साठवून ठेवू नये.

गांडूळखताविषयी विशेष विवेक हवा. गांडूळ हा द्वींद्रिय जीव आहे. विकत आणून त्याला पेटीत कोंडणे, वैशाखाच्या उन्हात सज्जात तळमळत ठेवणे आणि खत चाळताना चिरडणे, हे आपल्या सोयीसाठी पत्करलेले दायित्व आहे. ते न पत्करणे बरे. आपोआप कुंडीत आलेल्या गांडुळाला मात्र कोणी उपटून काढू नये. तो त्याच्या घरी आहे. मंदिरातील निर्माल्याचा विनियोगही घरच्या कुंडीसाठी परस्पर करू नये. त्याविषयी गुरुमहाराजांची आज्ञा घ्यावी.

खत दिल्यावर माती खुरप्याने खोल न खणता वरवर हलवावी, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, आणि खुरपे चालवण्यापूर्वी एक क्षण थांबून पाहावे. तेवढ्या एका क्षणात मुंगीला वाट मिळते.

तत्त्वार्थसूत्राने जीवांचे कार्य परस्परांवर उपकार करणे हे सांगितले आहे. सालीने मातीचे, मातीने रोपाचे आणि रोपाने माणसाचे ऋण वाहिले. या साखळीत माणसाने आपल्या वाट्याची जयणा तेवढी घालावयाची आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक श्राविकेने आणि श्रावकाने एका कुंडीपुरता तरी हा नियम घेतला, तर रोज दाराबाहेर जाणारी पिशवी हलकी होईल आणि तिच्याबरोबर कर्माचा भारही किंचित हलका होईल.

जय जिनेंद्र.